उताऱ्याचा हिशेब

आमच्या घरात ‘उतारा’ हा शब्द उसाचा होता. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. गळिताच्या हंगामात ते घरी आले की शेजारचे काका अंगणातूनच विचारायचे, “आज उतारा किती?” शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, तो आकडा. चांगल्या दिवसांत तो बाराच्या आसपास असे. पण अण्णांच्या वहीत त्या आकड्याखाली आणखी चार ओळी असायच्या : बगॅसमधली, म्हणजे उसाच्या चोथ्यातली घट, प्रेसमडमधली घट, मळीतली घट आणि शेवटी अज्ञात घट. साखर हवेत विरत नाही, ती कुठेतरी गेलेली असते, आणि कुठे गेली ते शोधायचं, हेच त्यांचं काम होतं.

मी गेली चोवीस वर्षं रत्नागिरीत एमएस्सीच्या मुलांचं सेंद्रिय रसायनाचं प्रॅक्टिकल घेते. त्यात दरवर्षी ग्रिन्यार अभिक्रिया असते. कोरड्या ईथरमध्ये मॅग्नेशियम आणि ब्रोमोबेंझिन एकत्र आले की फिनाईलमॅग्नेशियम ब्रोमाईड तयार होतं. हेच ग्रिन्यार अभिकारक. त्यात बेंझोफिनोन सोडायचं, मग आम्लाचं पाणी घालायचं, की ट्रायफिनाईलमिथेनॉलचे पांढरे स्फटिक मिळतात. आमचं प्रमाण ठरलेलं आहे : मॅग्नेशियम १.४६ ग्रॅम, ब्रोमोबेंझिन ५.८ मिली, बेंझोफिनोन ९.१ ग्रॅम. कागदावर यातून १३ ग्रॅम पदार्थ मिळायला हवा. प्रत्यक्षात मिळतो तो आमचा उतारा. ९ ग्रॅमच्या वर गेलेली मुलं मला नावानिशी आठवतात, कारण ती फार थोडी आहेत. २ ग्रॅमवर थांबलेली पुष्कळ. मधले ग्रॅम कुठे जातात, ते हळूहळू कळत गेलं.

१. प्रयोग आदल्या दिवशी सुरू होतो.

माझी पहिली बॅच मी जुलैत लावली. वेळापत्रकात तसं होतं आणि मला ते बदलायचं सुचलं नाही. रत्नागिरीत जुलैत हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. कपाटातली वही हातात घेतली तरी ओलसर लागते. आठ मुलं, आठ फ्लास्क. दुपारी चारपर्यंत एकाही फ्लास्कमध्ये काही घडलं नाही. मॅग्नेशियम जसंच्या तसं तळाशी पडलेलं. मुलं माझ्याकडे बघत होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण काच सकाळी पुसून ‘कोरडी’ करून घेतली होती आणि मला ते पुरेसं वाटलं होतं.

दिसायला कोरडी असलेली काच कोरडी नसते. तिच्या पृष्ठभागावर पाण्याचा न दिसणारा थर असतो. आता आमच्या लॅबचे मामा आदल्या संध्याकाळीच सगळी भांडी १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतात. सकाळी ती गरम असतानाच जोडायची आणि लगेच वर कॅल्शियम क्लोराईडची गार्ड ट्यूब बसवायची. काच टेबलावर उघडी ठेवून गार होऊ दिली, तर गार होता होता ती हवेतलं पाणी परत ओढून घेते आणि रात्रभराचं ओव्हन फुकट जातं. गार्ड ट्यूबमधले खडे एकमेकांना चिकटून गोळा झालेले असतील तर ते फेकून नवे भरायचे. ते त्यांच्या वाट्याचं पाणी कधीच पिऊन बसलेले असतात.

२. पाणी थेंबांत मोजावं.

‘सगळं कोरडं हवं’ असं नुसतं सांगून मुलांना काही कळत नाही. आकडा फळ्यावर लिहिला की कळतं. आमच्या प्रमाणात ब्रोमोबेंझिन ५५ मिलिमोल आहे आणि बेंझोफिनोन ५०. म्हणजे हातात शिल्लक फक्त ५ मिलिमोल. पाण्याचा एक रेणू ग्रिन्यारचा एक रेणू मारतो आणि त्याचं साधं बेंझिन होऊन जातं. १८ मिलिग्रॅम पाणी म्हणजे १ मिलिमोल. तर ५ मिलिमोलची शिल्लक संपवायला ९० मिलिग्रॅम पाणी पुरतं. ड्रॉपरमधून पडणारे दोन थेंब.

आता ६० मिली ईथर घ्या. त्याचं वजन साधारण ४३ ग्रॅम. त्यात फक्त ०.२ टक्के पाणी असलं, तरी ते ८६ मिलिग्रॅम होतं. शिल्लक तिथेच संपली. काच, मॅग्नेशियम, बेंझोफिनोन यांच्यातलं पाणी अजून मोजलेलंच नाही. आणि ईथर पाण्यानं पूर्ण तृप्त असलं, तर त्यात सव्वा टक्क्याच्या आसपास पाणी मावतं. मग ६० मिलीतलं पाणी अर्ध्याहून जास्त ग्रिन्यार खाऊन टाकतं. हे गणित केल्यापासून मुलं बाटलीचं बूच उघडं ठेवत नाहीत, मला सांगावं लागत नाही.

३. ईथर विकत मिळतं, कोरडं ईथर करावं लागतं.

रात्रभर निर्जल कॅल्शियम क्लोराईडवर, मग गाळून सोडियमच्या तारेवर. सोडियम प्रेसमधून चांदीसारखी लखलखीत तार ईथरमध्ये उतरते, आणि लगेच तिच्या अंगाला बारीक बुडबुडे धरतात. तो हायड्रोजन. बुडबुडे थांबेपर्यंत ईथर वापरायचं नाही. जुन्या बाटलीतल्या ईथरची आधी पेरॉक्साईडसाठी पोटॅशियम आयोडाईडनं चाचणी घ्यायची. पिवळं-तपकिरी झालं तर ते ईथर ऊर्ध्वपातनाला लावायचं नाही. इथे उताऱ्याचा प्रश्नच येत नाही, जिवाचा प्रश्न आहे.

एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली नसती तर मला सुचली नसती. ऑगस्टचा दिवस होता. एका मुलीनं उत्तम वाळवलेलं ईथर बीकरमध्ये ओतलं आणि मोजून फनेलमध्ये घालायला निघाली. तेवढ्या वेळात बीकरच्या बाहेरच्या बाजूला दव धरलं. ईथर उडताना काच गार करतं, आणि आमच्या हवेतलं पाणी गार काच दिसली की तिच्यावर बसतं. बाहेर जे दिसत होतं, तेच थोडंफार आत, ईथरच्या पृष्ठभागावरही होत असणार. तेव्हापासून बीकर बंद. कोरड्या मोजपात्रातून थेट फनेलमध्ये, आणि फनेलवर लगेच बूच.

४. मॅग्नेशियमला बोट लावू नये.

फीत असेल तर सॅण्डपेपरनं घासून तुकडे करायचे, कीस असेल तर राखाडी पडलेला बाजूला काढायचा. घासल्यावर तासभर बोलत बसायचं नाही. ऑक्साईडचा थर पुन्हा चढतो. चिमट्यानं उचलायचं.

५. सुरू झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या एका वाक्यासाठी मी बाकीचं सगळं सोडून द्यायला तयार आहे.

ब्रोमोबेंझिनचा पाऊण मिली भाग थोड्या ईथरमध्ये मॅग्नेशियमवर टाकायचा, आयोडीनचा एकच स्फटिक टाकायचा, आणि बघत बसायचं. ढवळायचं नाही. आयोडीनचा तपकिरी रंग ईथरमध्ये पसरतो. मग काही मिनिटं काहीच होत नाही. मग मॅग्नेशियमच्या एखाद्या तुकड्याभोवतीचा रंग फिका पडतो, तिथून धुरासारखी बारीक गढुळता निघते, तुकड्याच्या कडेला बुडबुडे दिसतात. तळहात फ्लास्कखाली धरला तर ऊब लागते. आणि मग ईथर स्वतःच्याच उष्णतेनं उकळायला लागतं, खाली काहीही पेटवलेलं नसताना. चोवीस वर्षांत हे मी कितीदा पाहिलं असेल, तरी ते पाहायला मी प्रत्येक टेबलाशी जाते.

काही होत नसेल तर? फ्लास्क तळहातांत धरून ऊब द्यायची. काचेच्या दांड्यानं एखादा तुकडा हलकेच चेपायचा, म्हणजे ताजा धातू उघडा पडतो. जोर लावायचा नाही, तळ फुटतो. १,२-डायब्रोमोइथेनचे दोन-तीन थेंब, फ्यूमहूडमध्येच, कारण ते विषारी आहे; त्यानं इथिलीनचे बुडबुडे येतात आणि धातू साफ होतो. आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे शेजारच्या चालू झालेल्या फ्लास्कमधलं अर्धा मिली कोरड्या ड्रॉपरनं आणून घालणं. आम्ही त्याला विरजण म्हणतो. ते तयार ग्रिन्यार उरलंसुरलं पाणी खाऊन टाकतं आणि गाडी चालू होते.

मी विद्यार्थिनी असताना, दुसऱ्या गावच्या एका प्रयोगशाळेत, माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाचा धीर सुटला. अभिक्रिया सुरू होत नाही म्हणून त्यानं थोडं आणखी ब्रोमोबेंझिन घातलं, मग आणखी थोडं, मग सगळंच. मग फ्लास्क कोमट पाण्यात धरला. दहा मिनिटांनी ती एकदम सुरू झाली. साचून राहिलेलं सगळं एकाच वेळी पेटून उठावं तशी. कंडेन्सर कमी पडला, ईथर वरून उसळून टेबलावर आलं, आणि ईथरची वाफ हवेहून जड असल्यामुळे ती टेबलाच्या कडेवरून जमिनीकडे वाहायला लागली. खोलीत एकही बर्नर पेटलेला नव्हता, म्हणून आम्ही सगळे आज आहोत. त्या दिवसापासून ग्रिन्यारच्या वेळी माझ्या लॅबमध्ये काडेपेटीसुद्धा दाराबाहेर ठेवायची असते, आणि बर्फाचं घमेलं प्रत्येक टेबलावर आधीच तयार असतं. त्या मुलाचा उतारा दीड ग्रॅम आला. तो का आला, हे मला पुढच्या मुद्द्यापर्यंत पोचल्यावर कळलं.

६. घाईचं नाव बायफिनाईल.

तयार झालेलं ग्रिन्यार समोर ब्रोमोबेंझिन दिसलं तर त्याच्याशीही जोडलं जातं आणि बायफिनाईल होतं. एका रेणूमागे दोन ब्रोमोबेंझिन गेले. ब्रोमोबेंझिन साचलं, द्रावण दाट झालं, तापमान चढलं की हे वाढतं. म्हणून ब्रोमोबेंझिन ईथरमध्ये पातळ करून थेंबथेंब सोडायचं, उकळी मंद आणि सलग राहील एवढ्याच वेगानं. आम्हाला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात.

यात रत्नागिरीचा एक खास अडथळा आहे. ईथर ३४.६ अंशांना उकळतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी लॅबचं तापमानच तेहतीस-चौतीस असतं आणि छतावरच्या टाकीतलं नळाचं पाणी हाताला गरम लागतं. असल्या पाण्यावर कंडेन्सर काय काम करणार? ईथर उडून जातं, उरलेलं दाट होतं, बायफिनाईल वाढतं. एका उन्हाळ्यात सगळ्या वर्गाचा उतारा अचानक घसरला तेव्हा मी आठवडाभर मॅग्नेशियमच्या बाटलीवर संशय घेत होते. आता बादलीत बर्फाचं पाणी आणि त्यात कूलरमधला छोटा पंप. तेच पाणी कंडेन्सरमधून फिरतं. आणि प्रयोग जुलैतून, मेमधून काढून जानेवारीत नेला आहे. वेळापत्रक बदलायला मला तीन वर्षं पत्रव्यवहार करावा लागला. तो केला हे बरं झालं.

७. मधेच जेवायला जायचं नाही.

ईथर उकळत असतं तोवर त्याच्या वाफेचं पांघरूण आतल्या द्रावणावर असतं. उकळी थांबली, फ्लास्क गार झाला, की हवा आत येते. ग्रिन्यार ऑक्सिजनशीही जोडलं जातं आणि शेवटी त्याचं फिनॉल होतं. ते बाटलीत भरून उद्यासाठी ठेवण्याची गोष्ट तर आमच्या सोयींत नाहीच.

८. अभिकारक आधी, किटोन नंतर.

मुलं विचारतात, सगळं एकदम का घालायचं नाही? लियाँमध्ये फिलिप बार्बिए यांनी १८९९ साली तेच केलं होतं : मॅग्नेशियम, मिथाईल आयोडाईड आणि किटोन एकाच भांड्यात. अभिक्रिया व्हायची, पण तिचा भरवसा नव्हता. हाच विषय त्यांनी आपल्या विद्यार्थ्याला, व्हिक्टर ग्रिन्यारला, दिला. ग्रिन्यारनं मॅग्नेशियमचं संयुग आधी कोरड्या ईथरमध्ये वेगळं तयार केलं आणि मग त्यात दुसरा पदार्थ सोडला. हे १९०० साली प्रसिद्ध झालं, आणि १९१२ चं नोबेल त्याला पॉल साबातिए यांच्यासोबत विभागून मिळालं. म्हणजे बेभरवशाच्या उताऱ्यावर शोधलेला उपाय म्हणजेच ही अभिक्रिया. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. कमी उताऱ्यानं खट्टू झालेल्या मुलांना मी ती आवर्जून सांगते.

बेंझोफिनोनही डेसिकेटरमधलंच घ्यायचं. ते ईथरमध्ये विरघळवून हळूहळू सोडलं की थेंब पडतो तिथे लालसर रंग उमटतो आणि मग घट्ट गोळा जमायला लागतो. चुंबकाचं ढवळणं इथे अडकतं. अडकलं तर थांबून, फ्लास्क हातानं फिरवून, थोडं कोरडं ईथर घालून मोकळं करायचं. गोळ्याच्या पोटात अडकलेलं ग्रिन्यार बाहेरच्या बेंझोफिनोनपर्यंत पोचत नाही आणि दोन्ही तसेच उरतात.

९. दिवसभर कुठलाही थर फेकायचा नाही.

बर्फ आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की गोळा फुटतो, उरलेलं मॅग्नेशियम फसफसतं, आणि फनेलमध्ये दोन थर होतात. वर ईथर, खाली पाणी. कधी मधे पांढरं तरंगतं. एका मुलानं ती घाण समजून पाण्याबरोबर सोडून दिली. तेच त्याचं ट्रायफिनाईलमिथेनॉल होतं. ईथर उडून कमी झालं होतं, म्हणून ते विरघळलेलं राहू शकलं नाही. आणखी वीस मिली ईथर घातलं असतं तर वरच्या थरात गेलं असतं. त्यानं केलेलं सगळं नीट होतं, अगदी सकाळपासून. मला त्याच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. नियम तेव्हापासूनचा आहे : सगळे थर चिठ्ठी लावून संध्याकाळपर्यंत ठेवायचे.

१०. ओला उतारा उतारा नसतो.

एकदा एका वहीत १०४ टक्के लिहून आले. गाळलेला पदार्थ तसाच तोलला होता, त्यात पाणी होतं, बायफिनाईल होतं, न लागलेलं बेंझोफिनोन होतं. पेट्रोलियम ईथरनं गार धुतलं की बायफिनाईल आणि बेंझोफिनोन त्यात निघून जातात आणि ट्रायफिनाईलमिथेनॉल बहुतेक सगळं मागे राहतं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमधून स्फटिकीकरण. द्रावक लागेल तेवढाच, उकळता. जास्त झाला तर पदार्थ त्यातच बसून राहतो. वाळवून वितळणबिंदू घ्यायचा. १६२ अंशांच्या आसपास, एक-दोन अंशांत वितळला तर तो आकडा लिहायचा. १४५ ते १५५ आला, तर वजन कितीही असो, काम अजून बाकी आहे.

११. गेलेल्या वर्षाच्या वहीतून उतारा लिहू नये.

हे होतं. सगळ्यांना ठाऊक आहे. मीही विद्यार्थिनी असताना एकदा केलं, सीनिअरच्या जर्नलमधला ६८ टक्के हा आकडा माझ्या जर्नलमध्ये उतरवला, आणि मला पूर्ण गुण मिळाले. माझा खरा आकडा ३१ होता. ते ३१ टक्के का आले हे मला कधीच कळणार नाही, कारण मी ते कुठे लिहूनच ठेवलं नाही. याची खंत मला आजही वाटते.

आमच्या मुली-मुलांपैकी कितीतरी पुढे लोटे परशुरामच्या, अंबरनाथच्या कारखान्यांत जातात. ट्रामाडॉलसारखं वेदनाशामक बनवताना मधली एक पायरी ग्रिन्यारची असते. तिथे शेकडो लिटरच्या रिअ‍ॅक्टरपुढे उभं राहिल्यावर जुन्या वहीतला आकडा कामाला येत नाही. म्हणून मी गुण देण्याची पद्धत बदलली. उताऱ्याच्या टक्क्याला दोन गुण, आणि घट कुठे गेली या पानाला आठ. पान अण्णांच्या वहीसारखंच आखलेलं.

गेल्या जानेवारीत एका मुलीनं ते पान फार मन लावून केलं. शुद्ध स्फटिक ५.८ ग्रॅम, म्हणजे ४५ टक्के. मातृद्रावण आटवून दुसऱ्या खेपेत आणखी १.१ ग्रॅम. पेट्रोलियम ईथरचं धुवण तिनं फेकलं नाही. ते उडवून, सिलिकाच्या कॉलमवरून वेगळं करून बायफिनाईल ०.७ ग्रॅम आणि बेंझोफिनोन ३.२ ग्रॅम असं मोजून लिहिलं. बेंझोफिनोनच्या ५० मिलिमोलपैकी ४४ चा पत्ता लागला. ६ उरले. शेवटच्या ओळीत तिनं लिहिलं : अज्ञात घट, १२ टक्के.

मी ती वही सांगलीला घेऊन गेले. अण्णा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. ग्रिन्यार त्यांचा विषय नाही, पण त्यांनी चष्मा लावून पान वरपासून खालपर्यंत वाचलं, बोटानं ओळी धरून. मग मला म्हणाले, “बाळ, ईथरमधलं पाणी शोषायला शेवटी काही घालता का?”

“हो. सोडियम सल्फेट.”

“मग गाळल्यावर त्याचा चोथा धुतला होता का? आमची पहिली घट बगॅसमध्ये असायची.”

मी मुलीला तिथूनच फोन लावला. धुतला नव्हता. पुढच्या आठवड्यात तिनं प्रयोग पुन्हा लावला, सोडियम सल्फेटचा चोथा ताज्या ईथरनं दोनदा धुतला, आणि ते धुवण वेगळ्या बशीत उडू दिलं. बशीच्या तळाशी पांढरं उरलं. तोललं, ०.९ ग्रॅम.